बायकोला ऐकू येणारा आवाज

आमच्या दोन टबांच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर किंचाळतो, असं बायको आठवडाभर सांगत होती आणि मी आठवडाभर तिला वेड्यात काढत होतो. चाकणच्या कंपनीत मी बावीस वर्षं मेंटेनन्सला. मशीनच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं, ही माझी ख्याती. माझ्या घरातलं मशीन किंचाळेल आणि मलाच कळणार नाही? "तुझ्या डोक्यातच आवाज आहे," असंही बोलून गेलो. मग रविवारी खालच्या मजल्यावरून घरमालक वर आले. आम्ही भाड्याने राहतो त्या चिखलीचेच ते मूळचे. "भाऊ, मशीन हाय का गिरण? दुपारचं डोळ्याला डोळा लागत न्हाई," म्हणाले.

आता इज्जतीचा प्रश्न आला. मशीन भिंतीपासून ओढलं, मागचं झाकण काढलं, ड्रायरमध्ये माझे ओले युनिफॉर्म भरून बटण फिरवलं. स्क्रूड्रायव्हर मोटरला लावला. मोटरची घरघर आली, पाइपातून पडणारं पाणी ऐकू आलं, बाकी काही नाही. वर बघितलं, तर बायकोने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

म्हणजे आवाज होता; ऐकू येत नव्हता तो मलाच. कानात घालायला कंपनी बोळे देते. ते घातले की बेअरिंग नीट ऐकू येत नाही, म्हणून मी ते वर्षानुवर्षं खिशातच ठेवले, घालणाऱ्यांना हसलोसुद्धा. बारीक, चिरके आवाज आधी जातात, असं सेफ्टीच्या माणसाने सांगितलं होतं. तेव्हा मी मागच्या खुर्चीत डुलक्या काढत होतो. भयंकर चिडलो, पण चिडणार कुणावर?

मग हाताला लागेल ते दुरुस्त करत सुटलो. ब्रेक घासत असेल म्हणून त्याची वायर ताणली, रबरी सील नवीन बसवलं, बुशला ग्रीस लावलं. प्रत्येक वेळी ड्रायर सुरू करून बायकोकडे बघायचो आणि ती म्हणायची, "आहे अजून." चौथ्यांदा ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "अहो, गेला की आवाज. आता राहू द्या." मी मोटरवर तळहात ठेवला. थरथर तशीच होती. झाकण लावून टाकलं.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला पत्रे दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसपाशी बोलावणं आलं. "दादा, सकाळपासून कायतरी वेगळंच वाजतंय," ऑपरेटर म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर लगेच बंद करू." मी बराच वेळ कान लावून उभा राहिलो. नुसती धपधप ऐकू येत होती. माझे कान गेले, हे एकदा तोंडातून निघालं की या कंपनीत माझं उरतं काय? चारपाच जण माझ्याकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हणालो, "चालू द्या."

ऑपरेटरने निर्धास्त मान डोलावली आणि पुढचा पत्रा लावायला प्रेसखाली हात घातला.