बोंबलांच्या दोरीवरचे टॉवेल

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर बोंबील वाळवायच्या दोऱ्यांवर ओले टॉवेल लटकत होते आणि खाली पर्यटकांचे रंगीत तंबू होते. आमच्या कोळीवाड्यातली हिरामावशी ताज्या बोंबलांची पाटी घेऊन नुसती उभी होती. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने दोरीवर टाकतात. ऊन चुकलं की मासळी सडते.

मावशीने एक टॉवेल सारला, तसा तंबूंचा राखणदार ओरडला, "मावशे, पाहुण्यांना वास येतो. खडकांकडे टाक ना!"

"खडकांवर दोऱ्या काय तुझा बाप बांधून देणार, मेल्या?"

तो हसला, पण दोरीसमोरून हलला नाही.

दात घासत आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं, "दादा, इथे तंबू ठोकायला परवानगी असते ना?"

"घ्यावी लागते. घेतलीत?"

"पॅकेजमध्ये असेल ना सगळं."

असेलच! वाळू मोकळी दिसली की ती कुणाचीच नाही, असं ही माणसं धरून चालतात. एक रात्र झोपणाऱ्याला कुणी हटकत नाही. जिच्या सासूच्या सासूनेही इथेच मासळी वाळवली, तिला मात्र रोज हात जोडावे लागतात. आणि जाहिरातीत लिहितात, 'निसर्गाच्या कुशीत'. त्या कुशीतून आधी कुणाला ढकललं, ते लिहीत नाहीत.

दुपारी मावशीने पाटीतली सडायला लागलेली सगळी मासळी माडाच्या बुडाशी खत म्हणून पुरली. तंबूवाले तेव्हा विचारत होते, जेवणात तळलेले बोंबील मिळतील का.