मामाच्या फिनाचा गोंडा

आमच्या पथकाचे किस्से म्हंजे विहिरीतला गाळ. एक बकेट वर काढली की खाली दुसरी तयार! टपरीवर चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "पप्या, मामाचा तो एक सांग ना." आता 'तो एक' कोणता, हे मला काय माहीत? आमचा मामा रोज नवीन काढतो!

आमचं कंधारचं पथक म्हंजे तरी काय, तीन माणसं. दत्तामामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, पाणबुड्या. गजूदादा, बी.एस्सी. झालेला, मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळ्या तालुक्याला अक्कल शिकवणारा. आणि मी, दहावीच्या गणितात गचकलेला. कोणाची मोटर विहिरीत पडली, कोणाची फटफटी तलावात गेली, की कंधारपासून अहमदपूरपर्यंत लोक आम्हालाच बोलावतात. दुसरं कोणी येत न्हाई म्हणून!

गणपती विसर्जनाला तळ्यावर बंदोबस्ताचं काम असतं. मागच्या साली ते लातूरच्या पथकाला गेलं. कारण काय? मामाला वेळेवर फिन घालता येईना!

आई तवाच बोलली, "दत्ता, पुढच्या साली काम मिळालं तर पोरगं तुझ्याजवळ राहील. न्हाई मिळालं तर सरळ लातूरला, काकाकडं, क्लासला."

लातूर! तिथली पोरं झोपेत बी 'ऑप्शन ए, ऑप्शन बी' करून राहतात. आपल्याला न्हाई जमत बाबा. मंग काय, मामाचं फिन म्हंजे माझ्या जिवाचा सवाल झाला.

* * *

फिन म्हंजे ते रबरी बदकाचे पाय. मागं टाचेवरून एक पट्टा येतो. तो ओढून टाचेवर चढवायचा, बास. पण आमच्या विहिरीत बाटल्यांच्या काचा, गंजलेल्या तारा, बाभळीचे काटे. म्हणून मामा हातात जाडजूड हातमोजे घालूनच खाली उतरतो. फिन घालून पायऱ्या उतरता येत न्हाईत, म्हणून ते पाण्याजवळच्या शेवटच्या पायरीवर बसून घालायचे. तिथं हातमोज्यातून तो बारका पट्टा बोटात येतच न्हाई!

एकदा मामा असाच पायरीवर बसून कुथून राहिला. पट्टा धरला की सुटे, धरला की सुटे. वरून विहिरीचा मालक बघून राहिला. शेवटी बिचारा कंटाळून म्हणला, "मामा, मोटर काढायला आले का पाय धुवायला?"

* * *

मंग मामानं डोकं लावलं. हाताला येत न्हाई ना, दातानं ओढू! पण मामाचं पोट असं की त्याला स्वतःची टाच दिवाळीला बी दिसत न्हाई. मंग हुकूम सुटला, "गज्या, तू ओढ."

बी.एस्सी. झालेला माणूस! पायरीवर उपडा पडला अन् मामाच्या टाचेजवळचा पट्टा दातात धरून मागं ओढायला लागला. मामा वरून ओरडून राहिला, "अजून! अजून!" नेमकी मालकाची बायको चहा घेऊन आली. तिनं वरून खाली वाकून बघितलं अन् किटली तिथंच ठेवली.

"अवं ऐका की," ती नवऱ्याला म्हणली, "ह्यांना आधी जेवायला घालायचं का?"

* * *

गजूदादाला ते लई लागलं. रात्रभर व्हिडिओ बघितले अन् सकाळी येऊन सांगितलं, "फॉरेनला पट्टा नसतोच. स्प्रिंग असते. ओढायची अन् सोडायची, आपोआप बसती. ह्याला टेक्नॉलॉजी म्हणतात."

टेक्नॉलॉजी कुठून आणली? नांदेडच्या भंगारातून! कुठल्या तरी जुन्या फटफटीच्या स्टँडच्या स्प्रिंगा. त्या इतक्या कडक की बसवताना गजूदादा रडकुंडीला आला. मी म्हणलं, "दादा, हे पायाला लावायचं हाय, ट्रकला न्हाई." तर मला म्हणतो, "गणितात किती पडले होते रे तुला?"

ट्रायल आमच्या अंगणात. गजूदादानं फिनमध्ये पाय घातला, हातमोज्याच्या हातानं स्प्रिंग लांब ओढली, अन् हात सटकला. फिन पायातून जे सुटलं ते सरळ गोठ्यात! तिथं मामा म्हशीची धार काढत होता. म्हैस उधळली, बादली उलटली, मामा शेणात.

मामा फिन हातात घेऊन बाहेर आला. शांतपणे म्हणला, "गज्या, पाण्यात माणूस वाचवायचा हाय. वाघ मारायचा न्हाई."

* * *

त्याच्यानंतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. ही आयडिया माझी, पण तालुक्याला सांगून राहिला गजूदादा. ट्यूब ताणायची छान, पण ओली झाली की हातमोज्यातून सुळकन सटकायची. धरायला कायतरी पाहिजे होतं.

तेवढ्यात पोळा आला. बैलांना नवे गोंडे बांधले अन् जुने, उन्हापावसानं रंग उडालेले, गोठ्याच्या खुंटीला लटकत राहिले. लोकरीचे मूठभर जाड, खाली घुंगरू. मामा आदल्या दिवशी मला सगळ्यांसमोर बिनकामाचा म्हणला होता. मी काय केलं, मामाच्या दोन्ही फिनांच्या पट्ट्याला मागं टाचेपाशी एकेक गोंडा बांधला. बैलाला सजवलं तर मामालाच काहून सोडायचं?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मामानं पिशवी उघडली अन् तोंड लाल झालं. पण मालक डोक्यावर उभा, गोंडे सोडायला वेळ न्हाई. मामा छुनछुन करत पायऱ्या उतरला. मालक म्हणला, "मोटर काढायला बैल बी उतरवता का तुम्ही?"

शेवटच्या पायरीवर मामानं रागारागानं गोंडा मुठीत धरला अन् हिसडा दिला. पट्टा टाचेवर! दुसरा हिसडा, दुसरा पट्टा टाचेवर! मामा स्वतःच्या पायाकडं बघतच राहिला.

मोटर घेऊन वर आला तर मी पळायच्या तयारीत.

"कोणी बांधलं हे?"

"...मी."

"सैल हाय," मामा म्हणला. "अजून घट्ट बांध."

* * *

अन् मंग तळ्यावरचा डेमो. हातमोजे घालून घाटावर बसायचं, नगरपालिकेच्या साहेबानं शिट्टी मारली की फिन घालायचे, बुडी मारायची, तळाची घागर वर आणायची. जो चांगला, त्याला काम.

लातूरचं पथक जीपमधून आलं. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. त्यांच्या म्होरक्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'कॅप्टन'. आमची आई बी आली, माझी बॅग भरून! तिनं सरळ कॅप्टनला गाठलं, "भाऊ, जाताना एवढं पोरगं लातूरला सोडा." अन् बॅग जीपमध्ये टाकली सुद्धा. बॅगेत आईनं गणिताचं पुस्तक घातलं होतं. मी गुपचूप जुने गोंडे घातले होते. लातूरला बी कोणीतरी सजवायला भेटलंच असतं!

जुने गोंडे बॅगेत काहून? तर मामाला डेमोसाठी नवे पाहिजे होते. "साहेबासमोर जुने गोंडे? इज्जत जाईल!" म्हणून बाजारातून लालभडक, सगळ्यात स्वस्त, स्वतः पारखून आणले.

कॅप्टन खदखदून हसला. "ह्यांचा पोळा अजून उतरला न्हाई वाटतं!"

शिट्टी वाजली. मामाचे दोन हिसडे, अन् मामा पाण्यात! कॅप्टन आपल्या महागाच्या बकलाशी झटून राहिला. एक फिन चढलं, दुसऱ्यासाठी त्यानं दातानं हातमोजा काढला.

साहेब म्हणला, "हातमोजा काहून काढला?"

"सर, दोनच मिनिटं."

"बुडणारा थांबंल का?"

तेवढ्यात पाण्यावर लाल लाल पसरायला लागलं. मामाचे नवे कोरे गोंडे!

"रगत! रगत!" घाटावर बोंब. आई छाती पिटायला लागली, "दत्ता! माझा दत्ता!" साहेब मटकन खाली बसला. कॅप्टननं मातर तशीच उडी मारली, एका फिनावर. दुसऱ्या, अर्धवट घातलेल्या फिनाचा पट्टा लोंबत होता, तो मागच्या सालच्या गणपतीच्या बांबूत अडकला.

मामा घागर डोक्यावर धरून वर आला, तोंड सगळं गुलाबी. "काय झालं? कोण मेलं?"

कॅप्टनचे बुडबुडे दिसले तसा मामा परत खाली गेला अन् त्याला टी-शर्टाला धरून वर आणला. कॅप्टन खोकत खोकत म्हणला, "मी... तुम्हाला... वाचवायला..."

"हाव," मामा म्हणला. "दिसून राहिलं."

साहेब उठला, पँट झटकली. "काम कंधारला. पण मामा, त्या दिवशी पक्क्या रंगाचे गोंडे आणा."

आई रडता रडता मामाला मारून राहिली, मी नाचून राहिलो, अन् ह्या गोंधळात जीप निघून गेली. माझी बॅग लातूरला. मी न्हाई!

विसर्जन झाल्यावर कॅप्टननं बॅग एसटीनं परत धाडली. आईनं माझ्यासमोरच उघडली. कपडे होते तसेच. गणिताचं पुस्तक होतं तसंच, कोणी हात बी लावलेला न्हाई.

गोंडे न्हवते.