दुधाची पेटी आणणारे भाऊ

धुळ्याहून दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध बर्फाच्या पेटीत घेऊन ते भाऊ जळगावच्या दवाखान्यात रोज यायचे. नाव मी कधी विचारलं नाही, मले भेवच वाटे. माझं बाळ कमी दिवसाचं, काचेआड ठेवलेलं, अन् मले दूधच येईना. भाऊ माणसाशी बोलत नसत, पेटीशी बोलत. पायरी चढताना तिले म्हणत, "संभाळ व माय."

एक दिवस ते सिस्टरले बोलवाले गेले अन् सासूबाईंनी पेटी उचलून उन्हात नेऊन ठेवली. म्हणे, थंड दुधानं पोराले सर्दी होईन. पेटीत सेन्सर, ऊब लागली की किंचाळतो. किंचाळलाच! भाऊ चप्पल सोडून पळत आले.

"मावशी, हाई दूध शे, पापड नही!"

"मंग बर्फ पाजू का लेकराले?"

दूध नासलं तर आज बाळाले काय देऊ? भाऊंनी झाकणावरचा आकडा पाह्यला, डोळे पुसले, परत पाह्यला.

"वाचनं दूध. थंडंच शे."

सिस्टरनं ते कोमट करून नळीनं पाजलं. भाऊ काचेले नाक लावून उभेच. पिऊन बाळ झोपलं तेव्हा वळले.

"देखा मावशी, एक बी शिंक नही उनी!"

सासूबाई म्हणे, "बरं बरं. उद्या टायमावर आण."