डोंगराची चौकशी

मी सुरतेच्या गोडादऱ्यात वाढले, आणि गोडादऱ्यातून डोंगर दिसत नाही. सपाट जमीन, पत्र्याच्या छपरांची लूमची खाती, म्हणजे कापडाचे कारखाने, आणि पावसाळ्यात त्या सगळ्यावर टेकलेलं आभाळ. तरी नव्वदच्या दशकातल्या एका भादव्यात डोळे मिटले की बागलाणातल्या एका डोंगराची वाट माझ्या पायाखाली यायची. कुठे करवंदीच्या जाळ्या, कुठे लाल चिखल, कुठे उघडा कातळ, सगळं मला माहीत होतं. मी तिथे कधी गेलेली नव्हते. ती वाट मी टेलिफोनवर ऐकली होती.

हे झालं फुईमुळे. फुई म्हणजे वडिलांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे सुरतेला आली आणि वडील ज्या खात्यात लूम चालवायचे तिथेच धाग्याच्या कांड्या भरायला लागली. तिची एकुलती एक लेक, माझी ताई, लग्न होईपर्यंत तिच्या शेजारी बसून तेच काम करायची. लूम चालू असताना तिथे कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे त्या दोघी दिवसभर ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. घरी आल्यावरही कधी कधी तशाच बोलायच्या. मला त्यातलं अर्धंच कळायचं.

ताई लग्न होऊन डांगाच्या पलीकडे, बागलाणात, डोंगरावरच्या एका वस्तीत गेली. पहिलं बाळंतपण आमच्याकडे करायचं ठरलं होतं, पण बाळ दिवस भरण्याआधीच आलं. तिकडून आलेल्या एका माणसाने निरोप दिला की मुलगी झाली, लहानशी आहे, दोघी बऱ्या आहेत. फुईने त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर म्हणाली की बऱ्या आहेत असं सगळेच सांगतात. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वडिलांनी नाही म्हटलं नाही. पण वस्तीवर गाडी जात नव्हती, पायथ्याच्या गावातून चढून जावं लागायचं, आणि आदल्या पावसाळ्यात त्या वाटेवर दरड आली होती. फुईचा गुडघाही दुखरा. चौकशी केल्याशिवाय निघायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

पायथ्याच्या गावात एका किराणा दुकानात फोन होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काठेवाडी माणसाचं एसटीडी बूथ होतं. कारखान्याच्या सुट्टीच्या वारी सकाळी आम्ही तिघं तिथे जायचो. इतक्या वर्षांच्या लूमच्या आवाजाने वडिलांना आणि फुईला फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून रिसीव्हर माझ्या कानाला. फुई मला ढोसून सांगायची, "इचार त्याले, वाट कशी शे?"

मी विचारायची. दुकानदार म्हणायचा, थांबा, बघून येतो. मग तो रिसीव्हर तसाच फळीवर ठेवून बाहेर जायचा.

त्यानंतरची ती वेळ मला अजून आठवते. फोनमधून पावसाचा आवाज यायचा. आमच्याकडे ऊन असलं तरी तिकडे पाऊस. पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज, एखादी कोंबडी, कोणीतरी खोकल्याचं, लांबून गुराला घातलेली हाक. मी बूथच्या काचेतून समोरच्या भिंतीवर वाळत घातलेल्या साड्यांकडे बघत असायची आणि कानात मात्र तो डोंगर भिजत असायचा. साड्या वाऱ्याने हलल्या की वाटायचं, धुकं हलतंय. मला तिथून परत यावंसं वाटायचं नाही. दुकानदार यायला जितका उशीर करील तितकं बरं.

तो यायचा आणि वरून उतरलेल्या माणसांकडून कळलेलं सांगायचा. जाळ्यांपर्यंत चिखल आहे, पाय काढताना चप्पल आत राहते. त्याच्या वर कातळ, त्यावर शेवाळ, कडेकडेने चालायचं. दरडीची जागा आता घट्ट बसली आहे. शेवटी एक ओहळ लागतो, त्याचं मात्र सांगता येत नाही, वर पाऊस पडला की तो चढतो. मी हे सगळं फुईला मोठ्याने सांगायची, तेव्हा बूथवर ताटकळणारी माणसंही ऐकायची. पुढे पुढे बूथवाला आम्हाला येताना बघूनच विचारायचा, "डुंगर केवो छे?" डोंगर कसा आहे?

आणि मग एका वारी दुकानदाराने सांगितलं की दोन दिवस उघडीप आहे, माणसं डोक्यावर ओझं घेऊन उतरतायत, यायचं तर आता या. वडिलांनी खात्यात बदली माणूस दिला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो.

डांगाच्या जंगलात साग फुलला होता. हिरव्या डोंगरउतारांवर पांढरट फेस आल्यासारखा. फुई खिडकीशी बसून डोळे मिटत नव्हती. मांडीवर पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू, जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी आणि एक लोकरीचं टोपडं. दुपारी उतरलो तेव्हा दुकानदार समोर उभा होता. आवाजावरून मी त्याला म्हातारा समजत होते. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने सकाळीच एका गुराख्याबरोबर ताईला निरोप पाठवला होता. त्या दिवशी त्याच्या ओसरीत मुक्काम केला आणि उजाडल्यावर वाटेला लागलो.

माझ्या डोक्यातली वाट उभी आणि रुंद होती. खरी वाट अरुंद होती आणि वळणं घेत घेत, जणू काही घाईच नाही अशी वर जात होती. चिखल मात्र सांगितला होता तसाच. फुईने चपला काढून पिशवीला बांधल्या. बोटं रोवून, काठी टेकून ती चालत होती, आणि पाय घसरला की वडिलांचा खांदा धरत होती. करवंदीच्या जाळ्यांवर कोळ्यांची जाळी पाण्याच्या थेंबांनी भरलेली. कातळाशी आलो तेव्हा धुकं खाली आलं. पुढे चालणारे वडील दिसेनासे व्हायचे, मग त्यांचा पांढरा सदरा, मग पुन्हा ते. पाऊस नव्हता, तरी केस ओले झाले होते. मला वाटत होतं, मी अजून फोन कानाला लावून उभी आहे.

मग ओहळाचा आवाज आला. जवळ गेलो तर तो तांबडा होऊन वाहत होता. रात्री वर कुठेतरी पाऊस झाला होता. दोन्ही काठांमधलं अंतर आमच्या गल्लीपेक्षा थोडंच जास्त असेल, पण पलीकडे जायचे दगड पाण्याखाली गेले होते.

पलीकडे ताई उभी होती. खांद्यावर घोंगडी, छातीशी गुंडाळलेलं बाळ. शेजारी तिचा नवरा. तो काठी घेऊन पाण्यात उतरला, कमरेपर्यंत गेला, हेलपाटला आणि परत वर आला. वडील धोतर खोचायला लागले. फुईने त्यांचा हात धरला आणि नको म्हणाली. मग ती पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली.

पाण्याच्या आवाजात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. ताईने काही हाक वगैरे मारली नाही. तिने एक हात मोकळा केला आणि बोटं हलवली. फुईनेही हलवली. खात्यात दोन मशीनच्या मधून बोलायच्या तशा त्या बोलायला लागल्या. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या. वडिलांना सगळं कळत होतं. ते मला हळूहळू सांगत होते. दूध पिते का? पिते. तुला भूक लागते का? लागते. अंग दुखतं का? आता नाही. मग फुईने काहीतरी विचारलं ते वडिलांनी सांगितलं नाही.  ताईने बाळाच्या अंगावरचं फडकं सोडलं आणि तिला दोन्ही हातांवर घेऊन आमच्याकडे केलं.

एवढंसं बाळ. थंड हवा लागली तसं तिने हातपाय झाडले आणि तोंड उघडलं. आवाज आमच्यापर्यंत आला नाही. उघडलेलं तोंड मात्र दिसत होतं, आणि ते बराच वेळ मिटत नव्हतं. ताई हसून मान हलवत काहीतरी सांगत होती. वडील म्हणाले, ती सांगतेय की अशीच रडते, सगळी वस्ती जागी होते.

फुई बघत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "जगी ती."

जगेल ती. वडिलांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मी पाण्याकडे बघत होते.

ताईने बाळाला पुन्हा गुंडाळलं. जावयाने आभाळाकडे हात करून आम्हाला मागे फिरा म्हणून खुणावलं. वर ढग काळे झाले होते, आणि पाऊस यायच्या आत खाली पोचायला हवं होतं. फुईने पिशवी एका खडकाच्या कपारीत ठेवली, वर दगड ठेवला आणि जावयाला बोटाने दाखवली. पाणी उतरलं की तो घेऊन जाणार होता. निघताना तिने वाकून ओहळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंड धुतलं. उतरताना ती एकदाही घसरली नाही. धुक्यातून तिच्या काठीचा आवाज तेवढा पुढे जात होता.

दिवाळीला जावई ताईला आणि बाळाला घेऊन सुरतेला आले. मुलगी अंगाने भरली होती, डोक्यावर तेच लोकरीचं टोपडं. फुईने हात धुतले, पदराला पुसले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग कुठे तिला घेतलं. त्या दिवशी ती खात्यात गेली नाही. दारातल्या खाटेवर ऊन आलं होतं. फुई पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ झोपलं होतं, आणि ताई आईच्या खांद्याला डोकं टेकून तिथेच बसल्या बसल्या झोपून गेली. मी आतून बघत होते. दुपार कलली, ऊन खाटेवरून उतरून अंगणात गेलं, तरी त्यांना कोणी उठवलं नाही.