मनालीचं मत

घरात मी बडबडी म्हणून प्रसिद्ध आहे. शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं, एसटीत खिडकीवरून कुणाशी वाजलं – पेणला रामवाडीतल्या आमच्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर सगळं बाहेर पडतं. ही एक गोष्ट मात्र कधी पडली नाही. आठ वर्षं झाली. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? ते माझं मलाही नीट ठाऊक नाही.

मी रोह्याच्या एका शाळेत मराठी शिकवते, रोज पेणहून जाऊन-येऊन. स्पर्धेसाठी मुलं तयार करण्यात माझा हातखंडा. आता 'तयार करणं' म्हणजे काय? भाषण आम्ही लिहायचं, निबंधावर 'जरा हात फिरवायचा', मुलांनी ते पाठ करायचं आणि नंबर आला की सगळ्यांनी म्हणायचं, काय हुशार पोर आहे! वर्षानुवर्षं मी हेच केलं. त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंही नाही.

त्या वर्षी पेणच्या एका वाचनालयानं मुलांसाठी स्पर्धा ठेवली. नेमून दिलेली एक कादंबरी वाचायची आणि तिच्याबद्दलचं आपलं मत स्टेजवर येऊन सांगायचं. पुढच्या काळातल्या एका शहराची गोष्ट होती. शहराभोवती उंच भिंत. भोंगा झाला की सगळ्यांनी कामाला जायचं, का ते विचारायचं नाही. बारा वर्षांची एक मुलगी भिंत ओलांडून पळून जाते. बापालाही चल म्हणते, तो निघतोही – आणि अर्ध्या वाटेत भोंगा ऐकून मुकाट मागं फिरतो. लेखकानं त्याला भित्रा ठरवून तिथंच सोडून दिलंय.

सातवीतल्या मनालीनं हे पुस्तक दोनदा वाचलं. मागच्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. वडील धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला. तिनं लिहून आणलेलं दीड पान मला अजून पाठ आहे.

'मला हे पुस्तक आवडलं नाही,' अशी सुरुवात होती. 'लेखकानं बाबांवर अन्याय केला आहे. मुलगी पळते तेव्हा तिच्या पिशवीत भाकरी असते. ती कुणी बांधून दिली ते लेखकानं लिहिलं नाही. मला वाटतं बाबांनीच. कामावर गेला म्हणून माणूस भित्रा होत नाही. माझे पप्पा पण जातात. कंपनीत आग लागली होती त्याच्या दुसऱ्या दिवशी पण गेले. त्यांना भीती वाटते. आईला सांगताना मी ऐकलं आहे. भीती वाटून पण जातात. मग ते भित्रे कसे?'

हे किती मोलाचं आहे, ते मला कळलं नाही असं म्हणू? खोटं होईल. कळलं. मी मराठीची शिक्षिका, पण त्या भाकरीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. क्षणभर मला चक्क हेवा वाटला तिचा.

आणि तरी मी लाल पेन उचललं. 'आवडलं नाही' म्हणणाऱ्या मुलीला नंबर कोण देणार? वाचनालयानं हौसेनं निवडलेलं पुस्तक, परीक्षकांना बोध हवा, आणि आमच्या शाळेचा नंबर दोन वर्षं हुकलेला – माझाच म्हणा ना. मी ते दीड पान खोडलं आणि नवं लिहिलं. पुस्तक मनापासून आवडलं, डोळे उघडले, वगैरे. शेवटी टाळ्यांचं वाक्य – 'अशा भित्र्या बापांमुळेच भिंती उभ्या राहतात. मी त्या बापासारखी कधीच होणार नाही!'

मनालीनं ते वाचलं. कागदाकडे बघतच म्हणाली, "बाई, पन माजा असा मत नाय."

स्पर्धेत असंच लागतं, मी म्हटलं. आणि वर हेही सांगितलं – बाईंनी लिहून दिलं हे कुणाला बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही, नंबर काढून घेतील. तिनं मान हलवली.

स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील शिफ्ट बदलून पेणला आले. इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. ते येणार हे मला आधी माहीत नव्हतं, पण समोर दिसले तेव्हा तर कळलं ना? तेव्हाही वेळ होता. मनाली छान बोलली. शेवटच्या वाक्याशी मात्र थांबली. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे. ती विसरली नव्हती. मला ते दिसत होतं. आणि मी – कसं सांगू – मी ते वाक्य तिला हळूच सुचवलं. पहिला शब्द, मग दुसरा. तिनं ते पूर्ण केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतल्या टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या.

पहिला नंबर आला. बाहेर पायऱ्यांवर तिचे वडील माझ्याजवळ आले, चपला काढून हात जोडले आणि विचारलं, "बाई, मी शिकलेला नाय. पन त्या पुस्तकातला बाप कामाव जात व्हता, तर त्याचा काय चुकला?"

मनाली शेजारीच उभी होती, ट्रॉफी धरून. माझ्या तोंडाकडे बघत होती. ते मी लिहिलंय – एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी हसले. गोष्टीतलं ते, मनावर घेऊ नका, असं काहीसं बोलले आणि परीक्षकांचे आभार मानायला आत गेले.

पुढं दहावीपर्यंत ती माझ्याच हाताखाली होती. काही लिहायला सांगितलं की म्हणायची, "बाई, तुमीच लिवा, मी पाठ करीन." त्यात राग नसायचा. राग असता तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी कोलाडला हायवेवर एसटीची वाट बघत होते, तर तिचे वडील भेटले. केस पांढरे झालेत, नोकरी तीच. त्यांनी आपणहून ओळख दिली. मनाली पनवेलला कॉलेजात आहे, हुशार आहे, घरी फार बोलत नाही, म्हणाले. मग जरा थांबून, हसतच म्हणाले, "पोर तवा खरा बोलली व्हती, बाई. मी भितोच. भोंगा झाला का जातो आपला."

सात वर्षं तो माणूस हे मनात धरून कामावर जात होता. मला रडू आलं, आणि तेही मी लपवलं. इतक्यात माझी गाडी आली. येते म्हटलं आणि चढले. खिडकीतून ते हात करत होते.

त्यांच्या मुलीनं त्यांच्याबद्दल खरं काय लिहिलं होतं, ते जगात दोघींनाच माहीत आहे. एकीला मी गप्प राहायला सांगितलं. दुसरी मी.