काळ्या डिस्कवरचे तीनशे बारा धडे

दहिसरच्या जानकी परब टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर त्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागल्या. हळूहळू आणखी अकराजण वाचायला आले, आणि सगळ्यांचं रेकॉर्डिंग सांभाळणं जानकीताईंच्या गळ्यात पडलं. वाचकांपैकीच एक, पवईची शर्मिष्ठा, कॉम्प्युटरच्या धंद्यातली. तिने ताईंच्या जुन्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, चार डिस्क जोडून दिल्या आणि लागणाऱ्या कमांड वहीत उतरवून दिल्या.

त्या मंगळवारी दुपारी ताईंना नव्या वाचक नलिनीबाईंच्या मशीनवर लिनक्स टाकता यावं म्हणून एक पेनड्राइव्ह बनवायचा होता. वहीतली कमांड त्यांनी अक्षर न अक्षर टाइप केली. लिनक्स प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं, आणि कमांडमध्ये जे अक्षर असेल त्या डिस्कवरचं पुसून तिथे नवं लिहिलं जातं. मागच्या महिन्यात पेनड्राइव्हला ‘डी’ मिळालं होतं, वहीतही ‘डी’च होतं. सकाळी दोन मिनिटं वीज गेली होती आणि परत आल्यावर डिस्कनी वेगळीच अक्षरं घेतली होती, हे ताईंच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी एंटर दाबलं.

पेनड्राइव्हचा दिवा लागलाच नाही. त्याच्या शेजारच्या काळ्या डिस्कचा दिवा मात्र भराभर लुकलुकू लागला.

कमांड कशी थांबवायची ते आठवेना, तेव्हा ताईंनी सरळ केबलच उपटली. मग शर्मिष्ठाला फोन लावला.

“ताई, त्या डिस्कवर आता काहीही लिहायचं नाही,” शर्मिष्ठा म्हणाली. “मशीनने फॉरमॅट करू का विचारलं तरी नाही म्हणा. मी येते.”

काळ्या डिस्कवर दिवाळीनंतरचं सगळं काम होतं, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. वेळ मिळाला की करू, असं ताई रोज म्हणायच्या. त्यात श्रुतिकाचं कायद्याचं पुस्तकही होतं. श्रुतिका बँकेत नोकरी करणारी, चौतीस वर्षांची, जन्मापासून दृष्टिहीन. येत्या सोमवारी तिचा कायद्याचा पेपर होता.

शर्मिष्ठा पोचायच्या आत श्रुतिकाचाच फोन आला. रेकॉर्डिंग न्यायला उद्या संध्याकाळी येऊ ना, तिने विचारलं. ताई ये म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, आपण खोटं बोललो.

शर्मिष्ठाने डिस्क तपासली. सुरुवातीचा भाग पुसला गेला होता, तो कायमचा गेला. पुढची पानं जागच्या जागी आहेत, फक्त अनुक्रमणिका फाटली आहे, असं तिने समजावलं. मग तिने एक रिकामी डिस्क जोडली आणि सापडेल तेवढं तिच्यावर काढायला लावलं. ते काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. तोवर ताईंना भात गिळवेना. दर दहा मिनिटांनी त्या सापडलेल्या धड्यांचा आकडा बघून यायच्या.

शेवटी तीनशे बारा धडे हाती आले. पण एकाचंही नाव उरलं नव्हतं, नुसते नंबर. कुठला धडा कुठल्या पुस्तकाचा हे ऐकूनच ठरवायचं, म्हणजे पंधरा दिवसांचं काम. हातात चार दिवस होते.

संध्याकाळी श्रुतिका आली तेव्हा ताईंनी तिला दारातच सगळं सांगितलं, कालच्या खोट्यासकट. ती रडेल, तोडून बोलेल, या धास्तीने त्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती.

श्रुतिका चपला काढून आत आली. मग म्हणाली, “मला खुर्ची द्या आणि हेडफोन द्या. मी अडीचपट वेगाने ऐकते, ताई. दोन वाक्यांत मला धडा कळतो.”

तिने बँकेत रजा टाकली. ती ऐकून नाव सांगायची, ताई टाइप करायच्या. दीड दिवसात तीनशे बारांना नावं लागली, आणि तिच्या पुस्तकातले नऊ धडे गेल्याचंही समजलं. ते ताई, शर्मिष्ठा आणि नलिनीबाईंनी वाटून घेऊन पुन्हा वाचले. शेवटचा धडा रेकॉर्ड करायला वेळच उरला नाही, तो ताईंनी रविवारी सकाळी फोनवर वाचून दाखवला. श्रुतिका पास झाली. त्या विषयात अगदी काठावर. त्या कमी गुणांचा दोष ताई अजूनही स्वतःच्या नावावर मांडतात.

आता प्रत्येक धड्याच्या दोन प्रती असतात. पेनड्राइव्ह बनवायचा असला की ताई आधी बाकीच्या डिस्क काढून कपाटात ठेवतात, मग पडद्यावरची यादी मोठ्याने वाचतात. यादीत मशीनची स्वतःची डिस्क आणि पेनड्राइव्ह, दोनच नावं असतात. तरी त्या ती तीनदा वाचतात, आणि एंटरवर ठेवलेलं बोट बराच वेळ खाली जात नाही.