भिकननानांचं नाक

धुळ्याजवळ शेणापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यात भिकननानांच्या नाकाचा मोठा दबदबा होता. कुणाच्या डब्यात भरीत आहे, हे ते झाकण उघडण्याआधीच सांगत. टाकीत उतरायचं की नाही, हेही त्यांचंच नाक ठरवी.

प्रशिक्षणाला आलेल्या ज्योतीताई म्हणाल्या, "सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो वायू वाढला, की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नाही."

कालच नानांनी टाकी साफ करणाऱ्या असलमला "वास गया, उतर" म्हटलं होतं. शिडी सापडली नाही म्हणून तो वाचला.

दुसऱ्या दिवशी नानांनी दोरीने वायू मोजायचं मीटर टाकीत सोडलं. ते कोकलायला लागलं.

"पण नाना, वास तर येत नाही," असलम म्हणाला.

"मन्हं नाक आते फक्त भरीतसाठी शे. तू वरच थांब."